इम्युनिटी चांगली असेल तर कॅन्सर होत नाही, हे खरं आहे का?

अर्धंच खरं आहे. बिघडलेल्या पेशी शरीरात अधूनमधून तयार होतच असतात आणि टी-सेल्स, एनके सेल्स या इम्युनिटीच्या लढाऊ पेशी त्यातल्या बऱ्याच मारून टाकतात, म्हणून तर किडनी ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटी दाबायच्या गोळ्या चालू असतात त्यांना काही कॅन्सरचा धोका वाढतो. पण धडधाकट माणसालाही होतोच की, कारण कॅन्सर लबाड असतो. टी-सेलवर पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, बऱ्याच गाठी नेमका तोच दाबून धरतात, मग टी-सेल शेजारी असूनही गप्प. असे ब्रेक सोडवायच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. फक्त ब्रेक सुटला की हीच इम्युनिटी कधीकधी थायरॉइड, आतडी, फुप्फुसं यांच्यावरच घसरते, त्यामुळे "जेवढी जास्त तेवढी चांगली" हे काही खरं नाही, टाइप १ डायबेटिस, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे आपल्याच इम्युनिटीचे प्रताप आहेत.

आपल्याकडे आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून नेक्सकार१९ ही कार-टी थेरपी आलीय, पेशंटच्याच टी-सेल्स काढून लॅबमध्ये बदलून परत सोडतात, पण ती ठरावीक ब्लड कॅन्सरसाठीच. आणि लहानपणी दंडावर टोचतात ना ती टीबीची लस, बीसीजी, ती मूत्राशयाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नळीने थेट आत सोडतात, तिथली इम्युनिटी चाळवायला!

काढे, बूस्टरचे डबे यांनी गाठ जात नाही. केमो चालू असेल तर ऑन्कोलॉजिस्टला विचारल्याशिवाय घेऊच नका, काही जडीबुटींनी लिव्हर बिघडतं.