डोंगराआड व्हीओआर का मिळत नाही?

प्रश्न : नमस्कार सर, माझा भाचा पायलटचं शिकतोय, परवा म्हणाला की खाली उतरत आलं की व्हीओआरचा, म्हणजे विमानाला दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनचा, सिग्नलच जातो आणि विमानातल्या यंत्राच्या काट्याजवळ लाल झेंडा येतो. मग ढगात काही दिसत नसताना हे लोक जातात कसे? जीपीएस असतं ना?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, साताऱ्याहून यवतेश्वर घाटातून कासला जाताना गाडीतला एफएम एखाद्या वळणावर खरखरतो आणि पुढच्या वळणाला परत लागतो बघा, तसंच आहे हे. एफएम १०८ मेगाहर्ट्झला संपतं आणि व्हीओआर तिथूनच पुढे ११८ पर्यंत, म्हणजे सख्खे शेजारीच की! या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे विमान ५००० फुटांवर असेल तर सपाट मुलखात १६० किलोमीटरपर्यंत सिग्नल मिळू शकतो पण १००० फुटांवर जेमतेम ७०, आणि मध्ये सह्याद्रीसारखा डोंगर आला की तेवढाही नाही. लाल झेंडा दिसला की काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं भाच्याला पाठच असेल. म्हणून तर ढगातून जाताना नकाशात ठरवून दिलेल्या उंचीखाली उतरत नाहीत.

जीपीएस असतंच हो, पण ते जॅम करता येतं. अमेरिकेने बरेच व्हीओआर बंद केले तरी ५००० फुटांवरून सिग्नल मिळेल इतके मुद्दाम ठेवलेत, आणि मला तरी ते शहाणपणाचं वाटतं. गंमत म्हणजे बरोब्बर स्टेशनच्या डोक्यावर गेलं तरी काटा भरकटतो, दिव्याखाली अंधार म्हणा ना.