हंगाम संपल्यावर गाव बघा

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत : निवृत्तीनंतर समुद्रकाठच्या शांत, माणसं आपुलकीने वागतील अशा गावात राहायला जायचं, तर गाव निवडायचं कसं? माझी सारी नोकरी बंदरांचे धक्के आणि गोदामं यांच्या डागडुजीत गेली, आणि आता राहतो तेही एका लहानशा बंदराच्या गावात. तेव्हा माझा कल कुठे असणार हे उघड आहे. वाचताना तेवढी वजावट करून घ्यावी.

प्रश्न : आम्ही नवराबायको पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. दोन गावं मनात आहेत. एक फार देखणं, नीटनेटकं. आवाज म्हणून नाही. तिथली बरीच घरं शहरातल्या लोकांची, सुट्टीपुरती उघडणारी. दुसरं मासेमारी बंदराचं, थोडं अस्ताव्यस्त. मन पहिल्याकडे ओढ घेतं. काय करावं?

दुसरं घ्या.

एवढ्यावरच थांबलो तर संपादक रागावतील, म्हणून कारणं देतो. पहिल्या गावातली जी शांतता तुम्हाला भावली, ती तिथे कुणी राहत नसल्याची आहे. चार दिवसांच्या मुक्कामाला ती गोड लागते. त्याच गावात सुट्ट्यांमध्ये जाऊन बघा : गाड्या, स्पीकर, रात्री दोनपर्यंत गच्चीवर पार्ट्या. म्हणजे वर्षातला काही काळ गाव ओस आणि उरलेला काळ ओसंडून वाहणारं. तुम्हाला हवी ती शांतता या दोन्हींत नाही.

एक साधी परीक्षा सांगतो. पर्यटकांचा हंगाम नसताना, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला त्या गावातल्या एका रस्त्याने चालत जा आणि दिवे लागलेली घरं मोजा. दहांत दोन-तीनच उजळलेली दिसली, तर बाथरूममध्ये पाय घसरून पडल्यावर तुमची हाक ऐकणार कोण, हा विचार तिथेच उभं राहून करा. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक शाळा शोधा. शाळेत मुलं असतील तर गावात तरुण कुटुंबं आहेत आणि त्यांना बारा महिने पुरेल असं काम आहे. औषधाचं दुकान, बसच्या फेऱ्या, डॉक्टर, बोलावल्यावर येणारा प्लंबर, हे सगळं त्यांच्या जिवावर चालतं. म्हाताऱ्यांच्या सोयी म्हाताऱ्यांच्या संख्येवर टिकत नाहीत, तरुणांच्या वर्दळीवर टिकतात. शाळा बंद पडलेल्या गावात पुढचा नंबर बसचा लागतो, मग बँकेच्या शाखेचा.

बंदराच्या आवाजाची भीती खरी आहे. बोटी पहाटेच्या अंधारात निघतात आणि डिझेल इंजिनाची धडधड पाण्यावरून लांबवर येते. रात्रीचा बाहेरचा सरासरी आवाज 40 डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये युरोपसाठी केली होती. धक्क्याला लागून घर घेतलंत तर हे गणित कधीच जमणार नाही. पण दोन-तीन गल्ल्या आत, एखाद्या चढाच्या आडोशाला गेलात की फरक लगेच जाणवतो. वाऱ्याकडेही लक्ष असू द्या. हवामान शांत असेल तेव्हा दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वळतो. त्यामुळे दुपारी फक्त लाटा ऐकू येणाऱ्या घरात रात्री मागच्या महामार्गावरचे ट्रक ऐकू येतात. सुकत घातलेल्या मासळीच्या वासालाही हाच नियम. दिवसा घर बघून सौदा करणाऱ्यांना हे राहायला गेल्यावर कळतं.

दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, मिनिटांत मोजा. मेंदूत गुठळी होऊन झटका आला, तर ती विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आधी स्कॅन व्हावं लागतं ते वेगळंच. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडायला निदानानंतर दोन तासांची मर्यादा धरतात. किनाऱ्यावरच्या गावांना पुष्कळदा एकच रस्ता असतो आणि हंगामातल्या शनिवारी संध्याकाळी तो तुंबतो. अशाच एका शनिवारी गाडी काढून अँजिओप्लास्टी होते त्या रुग्णालयापर्यंत जाऊन या. ज्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं, त्यांनी तर आधी रुग्णालय ठरवावं, मग त्याच्या जवळचं गाव, आणि समुद्र शेवटी.

प्रश्न : अगदी पाण्यासमोरचा फ्लॅट मिळतोय. बिल्डर म्हणतो, ‘उत्तम बांधकाम, काळजी नको.’ घ्यावा का?

तुम्ही माझ्या दुखत्या नसेवर बोट ठेवलंत, तेव्हा उत्तर लांबणार.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. लाट फुटली की त्यांचे बारीक तुषार वाऱ्यावर चढतात आणि जे सापडेल त्यावर बसतात. मिठाचा गुण असा, की हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळतं. त्यामुळे पाऊस नसतानाही तुमचं ग्रिल, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं यंत्र यांच्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसलेला असतो. लोखंडाला याहून वाईट काही नाही.

रंगाखालचं लोखंड दिसतं तरी. काँक्रीटच्या आतली सळई दिसत नाही. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईवर एक संरक्षक थर तयार होतो. मिठातलं क्लोराइड हळूहळू आत मुरून तो थर मोडतं आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. आधी सळईच्या रेषेत भेग, मग तपकिरी ओघळ, मग ढलपे. कितीतरी धक्क्यांची पोटं मी अशी फाटलेली बघितली आहेत, आणि इमारतीचा स्लॅब काही वेगळ्या मातीचा नसतो. पाण्यासमोरची जुनी इमारत बघायला जाल तेव्हा हॉलमधून समुद्र बघत बसू नका. पार्किंगमध्ये जा, बीम आणि कॉलम बघा, बाल्कनीची खालची बाजू बघा. नाण्याने ठोकून बघा. टणक आवाजाऐवजी पोकळ आला की तिथला थर सुटलेला आहे. नवी इमारत असेल तर सळईवर काँक्रीटचं कव्हर किती मिलिमीटर धरलंय आणि काँक्रीट कुठल्या ग्रेडचं आहे, हे बिल्डरला लेखी विचारा. ‘उत्तम’ ही ग्रेड मी कुठल्याच पुस्तकात वाचलेली नाही.

मिठाचा मारा पहिल्या काही शे मीटरमध्येच झपाट्याने उतरतो. शिवाय ज्या किनाऱ्यावर उघड्या समुद्राच्या लाटा आपटून फुटतात तिथे तो कितीतरी जास्त. आडोशाच्या खाडीवर किंवा बंदिस्त उपसागरावर कमी. म्हणून माझा सल्ला : समुद्र चालत जाण्याच्या अंतरावर असावा, खिडकीत नसावा. घरासमोर झाडांची किंवा दुसऱ्या घरांची एखादी रांग असली तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या वाटचं मीठ ती झेलते. तरीही जे लोखंड बाहेर राहील ते गॅल्वनाइज करून, म्हणजे जस्ताचा थर चढवून घ्या. स्टेनलेस स्टील घेणार असाल तर 304 ग्रेडऐवजी 316 मागा. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि खाऱ्या हवेत तोच फरक पडतो. 304 चा कठडा थोड्याच दिवसांत चहा सांडल्यासारखा डागाळतो.

पाण्याची चौकशी मात्र कुणीच करत नाही. किनाऱ्यालगत जमिनीतलं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर, त्याच्या चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोडं पाणी. उलटं वाचा : उपशामुळे वरची पातळी एक मीटर उतरली, तर खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू शकतं. शेजारी दोन हॉटेलं उभी राहून त्यांनी बोअर मारल्या की तुमची विहीर मचूळ झालीच. पावसानंतर लगेच पाणी चाखून उपयोग नाही. कोरड्या दिवसांच्या शेवटी चाखा, आणि शक्य असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या. रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच, कारण सोडियम चवीला जाणवण्याआधी पोटात जातं.

प्रश्न : मी एकटी आहे. पती गेले, मुलगा परदेशी. समुद्रकाठी राहण्याची इच्छा जुनी आहे, पण नव्या गावात कुणी आपलंसं करेल का? निवृत्त लोकांच्या वसाहतीत जाणं बरं, की मूळ गावात घर घेणं?

ताई, तुमचा प्रश्न समुद्रापेक्षा मोठा आहे. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ज्यांचे माणसांशी संबंध घट्ट त्यांची जगण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त आढळली. आणि जवळचे मित्र हवेतच असंही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं, की नोकरीसारखी कामाची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. म्हातारपणी नोकरी नको असते, पण ‘नवा फिजिओथेरपिस्ट आलाय’, ‘उद्या पाणी येणार नाही’ ही माहिती त्याच वाटेने येते.

वसाहतीत ओळखी पटकन होतात, कारण सगळेच नवे आणि सगळ्यांना वेळ. अडचण पुढे येते. सगळे एकदमच ऐंशीचे होतात, आणि रात्री गाडी चालवू शकेल असं कुणी उरत नाही. मूळ गावात उलट : सुरुवातीचे काही महिने तुम्ही ‘त्या नव्या बाई’ असता, लोक नमस्कारापुरतेच बोलतात, त्यांची नाती आधीच विणलेली असतात. मला तरी दुसरा त्रास परवडणारा वाटतो, कारण तो कमी होत जातो आणि पहिला वाढत जातो.

पर्यटकांशी गोड बोलणं हा धंद्याचा भाग असतो, त्यावरून गाव जोखू नका. औषधाच्या दुकानात दुपारी दहा मिनिटं रेंगाळा. दुकानदार वयस्कर गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो का, मागची गोळी संपली का ते विचारतो का? वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला बसा. घरापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर टेकायला बाक आहेत का, पायऱ्या किती, दिवे किती, हेही बघा. जिथे वयस्कर माणूस पायी फिरू शकत नाही तिथे त्याला कुणी भेटतही नाही. आणि स्वतःचं एक काम घेऊन जा. शिकवणी, शिवण, हिशेब, पेटी, काहीही. आमच्या गावात बाहेरून आलेल्या लोकांपैकी जे रुळले, ते सगळे काही ना काही करत होते. ‘मी आता निवांत आहे’ असं सांगणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे लोकांना सुचत नाही.

प्रश्न : समुद्राची पातळी वाढतेय, त्सुनामीच्या बातम्या येतात. या वयात किनाऱ्यावर जाणं हा वेडेपणा नाही का?

जागेवर अवलंबून आहे. 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली आणि 2006 नंतर वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरच्या आसपास गेला, असं आंतरशासकीय हवामान बदल मंडळाचा 2021 चा अहवाल सांगतो. तुमच्या हयातीत ही वाढ एकटी घरात शिरणार नाही. ती शिरेल वादळाच्या पाठीवर बसून, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला. म्हणून घर बघायला भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या दिवशी जाऊ नका, उधाणाला जा आणि भरतीची वेळ साधून पाणी कुठवर चढतं ते पाहा.

जपानमध्ये अनेयोशी नावाच्या वस्तीत 1933 च्या त्सुनामीनंतर एक दगड रोवला. याच्या खाली घरं बांधू नका, असं त्यावर कोरलं आहे. लोकांनी ते पाळलं, आणि 2011 च्या त्सुनामीत पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं. प्रत्येक गावात दगड नसतो, पण जुनी वस्ती कुठल्या उंचीवर आहे हे दिसतंच. नवे प्लॉट तिच्या खाली पडलेले असतील, तर आधीच्या लोकांनी ती जागा मोकळी का सोडली ते विचारा. जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीत गेलेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त साठीच्या वरचे होते. उंचावर जायची वाट तुमच्या गुडघ्यांना किती मिनिटं घेते, हे घर घेण्याआधी स्वतः चढून बघा.

प्रश्न : शहरातलं घर विकून तिकडे घेऊ का?

लगेच नको. आधी भाड्याने राहा, आणि त्यात तिथला सगळ्यात वाईट हवामानाचा काळ आलाच पाहिजे. वीज जाते, बोटी बंद, पाहुणे येत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तेवढं काढून दोघांनाही राहावंसं वाटलं, तर विका. एकालाच वाटलं, तर विकू नका.

प्रश्न : कितवा मजला घ्यावा?

पहिला किंवा दुसरा, जिना रुंद आणि कठडा धड असलेला. तळमजल्याला पाण्याची धास्ती, आणि वरच्या मजल्यांना लिफ्टचा भरवसा. खाऱ्या हवेत लिफ्टच्या नियंत्रक यंत्रणेची देखभाल कोण करतं आणि दुरुस्तीला माणूस कुठून येतो, हे सोसायटीच्या सचिवांना विचारा. तो माणूस दुसऱ्या जिल्ह्यातून येत असेल, तर दुसऱ्या मजल्याच्या वर बघूच नका.