नोकरीविना दिवस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात १९ वर्षे सुपरवायझर होतो. चार महिन्यांपूर्वी आमची लाइन बंद झाली. सुरुवातीला रोज दहा अर्ज करत होतो. आता उठायलाच नऊ वाजतात, फोन हातातून सुटत नाही आणि दिवसभर काय केले हे रात्री आठवत नाही. एवढा वेळ असून काहीच का होत नाही?

उत्तर : ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावाचे पोट ज्या कापडगिरणीवर चालत होते ती १९३० च्या सुमारास बंद पडली, तेव्हा मारी याहोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन गावकऱ्यांच्या दिवसाची अक्षरशः मोजदाद केली. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दिसते की, वाचायला वेळच वेळ होता आणि वाचनालयाचे शुल्कही माफ झाले होते, तरी दोन वर्षांत पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. आणि १०० पुरुषांपैकी ८८ जण घड्याळ जवळ बाळगत नव्हते. ही माणसे आळशी नव्हती. त्यांना कुठे वेळेवर पोहोचायचेच उरले नव्हते, आणि तुमचेही नेमके तेच झाले आहे. १९ वर्षे तुमचा दिवस कंपनीच्या बसने आणि पाळीच्या भोंग्याने बांधून दिला होता. ती बांधणी सुटली, हा तुमच्या स्वभावाचा दोष नव्हे.

म्हणून संपूर्ण दिवस आखू नका. पहाटे पाचला उठून व्यायाम, ध्यान आणि वाचन अशी वेळापत्रके मी कोणाला देत नाही, कारण ती चौथ्या दिवशी कोलमडतात आणि वर अपराधीपणा देऊन जातात. दोनच वेळा पक्क्या करा. सकाळी साडेनऊला अंघोळ करून, बाहेरचे कपडे घालून घराबाहेर पडायचे आणि जवळच्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत जाऊन बसायचे. बारापर्यंत फक्त नोकरीचे काम. संध्याकाळी सहानंतर मात्र नोकरीचे एकही संकेतस्थळ उघडायचे नाही. त्या अडीच तासांत दोन अर्ज नीट लिहिले आणि जुना सहकारी किंवा माल पुरवणारा ओळखीचा माणूस अशा एकाला फोन केला तरी पुरे. तुमच्या क्षेत्रातल्या बऱ्याच जागा जाहिरातीआधी तोंडी समजतात, त्यामुळे तो एक फोन मला दहा अर्जांहून मोलाचा वाटतो. लाइनवर रोजचे उत्पादन लिहीत होता, तशीच एक वही ठेवा. मात्र तिच्यात उत्तर आले की नाही हे लिहू नका, कारण ते तुमच्या हातात नाही. आपण काय केले तेवढेच लिहा.

प्रश्न : मी २९ वर्षांची सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दोन महिन्यांपूर्वी हिंजवडीतील माझी नोकरी गेली. लातूरला आई-बाबांना सांगितलेले नाही. रोज दहा ते सहा लॅपटॉप घेऊन कॅफेत बसते आणि त्यांचा फोन आला की मीटिंगमध्ये आहे म्हणते. आधी नवी नोकरी मिळवून मग सांगावे का?

उत्तर : नाही, या आठवड्यातच सांगा. याला एक अगदी व्यावहारिक कारण आहे. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात आई-बाबांची नावे असतील, तर नोकरीबरोबर ते संरक्षणही संपले असण्याची दाट शक्यता आहे, आणि ही गोष्ट त्यांना रुग्णालयाच्या खिडकीवर कार्ड पुढे केल्यावर कळू नये. काय झाले, किती महिने पुरतील एवढे पैसे हातात आहेत आणि त्यांनी नातेवाइकांत काय सांगावे, या तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या की पुढची रडारड बरीच कमी होते. वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हेही विमा कंपनीला लगेच विचारा.

सांगण्यापूर्वी मनातला राग कागदावर उतरवा. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, नोकरी गेलेल्या अभियंत्यांपैकी ज्यांनी पाच दिवस रोज २० मिनिटे त्या घटनेविषयी मनातले सगळे लिहिले, त्यांना इतरांपेक्षा लवकर काम मिळाले. प्रयोग लहान होता, त्यामुळे याला रामबाण समजू नका. परंतु कागदावर उतरलेला राग मुलाखतीत डोकावत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र लिहिण्यावर थांबू नका. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तो चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : माझे पती सहा महिने घरी आहेत. मी नाशिकमध्ये शिक्षिका आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा सकाळची भांडी तशीच मोरीत पडलेली असतात. बोलले की भांडण होते.

उत्तर : मारिएनथालमध्येही पुरुषांचा दिवस रिकामा झाला, बायकांचा झाला नाही, चूल, धुणे आणि मुले होती तशीच राहिली. पतींकडे ‘मदत’ मागू नका, कारण मदत करणारा पाहुणा असतो. संध्याकाळचा स्वयंपाक, भाजी आणण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत, संपूर्णपणे त्यांच्याकडे सोपवा आणि मीठ कमी पडले तरी मध्ये बोलू नका. उलट ‘आज काही झाले का?’ हा प्रश्न रोज विचारणे तुम्ही बंद करा. रविवारी सकाळचा चहा त्यासाठी ठेवा. नोकरी, पैसे, हप्ते यांविषयी जे काही बोलायचे ते तेव्हाच बोला.

प्रश्न : घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या कामासाठी निवड झाल्याचा संदेश आला आहे. लॅपटॉपसाठी ४,५०० रुपये अनामत मागत आहेत. भरू का?

उत्तर : भरू नका. काम देणारा पैसे मागत नाही. भरले असतील तर आजच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.