पॅड बदलल्यावर हॉटस्पॉट वाढला असेल तर पंख्याला दोष देऊ नका

तुमचा प्रश्न वाचला आणि माझा जुना उद्योग डोळ्यांसमोर आला. तुमच्याकडे लहान कॅबिनेट, एका पंख्याचं आखूड ३०६० ग्राफिक्स कार्ड, हौसेने बदललेले थर्मल पॅड (मेमरीची उष्णता वरच्या धातूकडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या). आता चिप ८१ अंशांवर, हॉटस्पॉट १०४ वर, खेळता खेळता क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, घसरतो आणि कोअरला +१२० मेगाहर्ट्झ दिले की ड्रायव्हर कोसळतो. तुम्ही विचारताय, जास्त ताकदीचा पंखा कोणता लावू? माझं उत्तर : कोणताच नाही. निदान आत्ता तरी नाही.

आफ्टरबर्नर (कार्डाचा क्लॉक आणि व्होल्टेज बदलायचं सॉफ्टवेअर), ड्रायव्हर साफ करणं, धूळ काढणं यात वेळ घालवत नाही. पॅड बदलण्यापर्यंत मजल गेली म्हणजे ते सगळं तुम्हाला येतंच असणार.

८१ हा आकडा सोडून द्या. ८१ आणि १०४ मधलं अंतर बघा. चिपवर तापमान मोजणारे बरेच सेन्सर असतात, त्यांतल्या सगळ्यात तापलेल्या जागेचा आकडा म्हणजे हॉटस्पॉट. हीटसिंक (चिपवर बसणारा, उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) नीट बसला असेल तर या दोन आकड्यांत साधारण १० ते १५ अंशांचा फरक असतो. तुमच्याकडे २३ आहे. हवा कमी पडत असती तर दोन्ही आकडे बरोबरीने वर चढले असते. एकटा हॉटस्पॉट पुढे पळतोय, याचा अर्थ चिप आणि हीटसिंक एकमेकांना नीट टेकलेले नाहीत. अशा वेळी पंखा बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आता माझं ऐका. माझं कार्ड मुळात उत्तम चाललं होतं. चिप ७६, हॉटस्पॉट ८९. पण ३०६० वर जीडीडीआर६ मेमरी असते आणि तिचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. ३०८० आणि ३०९० वरच्या जीडीडीआर६एक्सचं दिसतं, आणि तेव्हा जो तो ११० अंशांचे स्क्रीनशॉट दाखवत होता. मला वाटलं, आपलं दिसत नाही म्हणजे आणखीच वाईट असणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कार्डाला काहीही झालेलं नसताना मी ते उघडलं.

जुने पॅड काढले तर ते दाबून चपटे झालेले, कडेला फाटलेले. मोजून काही उपयोग नव्हता. त्याच बनावटीच्या दोन पंख्यांच्या कार्डाला १.५ मिमीचे पॅड लागतात असं कुठेतरी वाचलं होतं, तेच लावले. वर शहाणपणा असा, की पाकिटावर उष्णता वाहून नेण्याचा सगळ्यात मोठा आकडा ज्याचा होता तो पॅड घेतला. तो होता जवळजवळ खोडरबराइतका कडक. मूळ पॅड १ मिमीचे होते हे मला फार उशिरा कळलं.

अर्ध्या मिलिमीटरने काय होतं? या कार्डांवर हीटसिंकचा तळ एकाच वेळी चिपवरही टेकतो आणि बाजूच्या मेमरीवरही. मेमरीवरचा थर जाड आणि कडक असला की अख्खा हीटसिंक वर उचलला जातो आणि चिपवर उरलेली फट थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमध्ये लावायचा लेप) भरून काढते. पेस्ट हे धातूला पर्याय नाही. ती पातळ असेल तरच कामाची.

मला हे कळलं नाही. पेस्टच वाईट निघाली म्हणून मी ती बदलली. मग दुसरी आणली, मग तिसरी. तिन्ही वेळा कार्ड उघडल्यावर चिपच्या मधोमध पेस्टचा जाडसर थर तसाच पडलेला होता. नीट दबलेली पेस्ट इतकी पातळ होते की खालची चिप दिसू लागते. म्हणजे पुरावा तिन्ही वेळा समोर होता, आणि तिन्ही वेळा मी तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने अगदी लख्ख पुसून टाकला! मग वाटलं, स्क्रू सैल असतील. चिपभोवतीच्या चार स्क्रूंना स्प्रिंग असतात. स्क्रूचा खांदा टेकला की काम संपलं, पुढचा दाब स्प्रिंग ठरवते, तुमचं मनगट नाही. मी पिळत राहिलो आणि एका स्क्रूच्या डोक्याची चर उडवली. बोर्ड वाकून तडकला नाही, एवढंच नशीब.

एवढं करून माझा हॉटस्पॉट १०५ वरून काही हटेना, म्हणून पंखा कायमचा १०० टक्क्यांवर ठेवला. दीड महिना. छोटा पंखा तेवढ्या वेगावर रोज तासन्‌तास फिरला आणि बेअरिंग खरखरू लागलं. मग वॉरंटी आठवली.

इथून पुढे थोडी भडास आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. सेवा केंद्राने स्क्रूवरचा फाटलेला स्टिकर पाहून दावा नाकारला. त्यांचा नियम होता, चूक माझी होती, मान्य. पण ते सांगायला त्यांना पाच आठवडे लागले. त्या काळात तेच फोटो तीनदा मागवले आणि दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारायचा. निदान सुटा पंखा विकत द्या म्हटलं, तर ‘सुटे भाग दिले जात नाहीत’ हे एक वाक्य. कार्ड परत आलं तेव्हा आतल्या पिशवीवरची चिकटपट्टी मी लावलेलीच होती, न कापलेली. म्हणजे बाहेरच्या फोटोंवरच निकाल लागला होता आणि कार्ड पाच आठवडे कुठल्यातरी फळीवर पडून होतं. वॉरंटीचे नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे तुमच्याकडेही असंच होईल असं म्हणत नाही. तुमचा स्टिकर आधीच फाटला असेल तर हा विषय तसाही संपला.

शेवटी १ मिमीचे मऊ पॅड लावले. चिप ७४, हॉटस्पॉट ८६. नव्या पेस्टचं श्रेय असलंच तर एखाद-दोन अंशांचं.

तर तुम्ही काय करायचं? कार्ड पुन्हा उघडा आणि आधी ठसा बघा. चिपवर थर जाड असेल आणि मेमरीवरचे पॅड खोलवर दबलेले असतील तर जाडी चुकली. मेमरीवर पॅडला ठसाच नसेल तर उलट प्रकार, म्हणजे पॅड पातळ पडले. जाडीची खात्री होत नसेल तर सरळ थर्मल पुटी (पॅडच्या जागी लावायचा मऊ लगदा) वापरा, ती हवी तेवढी दबते. माझं तर आता मत असं की पाकिटावरच्या आकड्यापेक्षा मऊपणा महत्त्वाचा, पण कडक पॅडवर श्रद्धा असलेले लोक आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. चिपवर पीटीएम७९५० सारखा तापल्यावर मऊ होणारा पातळ पापुद्रा मिळाला तर उत्तम, पेस्टसारखा तो कडेला सरकत जात नाही. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा द्रव धातू) मात्र नको. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि तो द्रव वीजवाहक आहे. लहान बोर्डावर चिपच्या अगदी शेजारी बारीक कपॅसिटर असतात, त्यांवर एक थेंब गेला तरी पुरे.

ओव्हरक्लॉकचं त्यानंतर. आणि इथे माझं मत जरा हेकट आहे : आखूड कार्डावर क्लॉक वाढवायला बसू नये, व्होल्टेज उतरवायला बसावं. ३०६० ची मर्यादा १७० वॅटची. एका पंख्याच्या बऱ्याच कार्डांवर ती वर सरकवताही येत नाही. चिप खाते ती वीज क्लॉकच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.०५ व्होल्टवरून ०.९ वर आलात तर त्याच क्लॉकला चिपची वीज एक चतुर्थांशाहून जास्त उतरते. पूर्ण कार्डाची तेवढी नाही, कारण मेमरी आणि पंखा त्या हिशेबात येत नाहीत. माझं कार्ड ०.९ व्होल्टला १८३० मेगाहर्ट्झवर स्थिर आहे आणि खेळताना १३० वॅटच्या आसपास घेतं. तुमची चिप वेगळी, हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज आणि क्लॉकचा आलेख उघडा, हव्या त्या व्होल्टेजचा ठिपका वर घ्या, उजवीकडचे सगळे त्याच्याच उंचीवर आणा.

तुमचे +१२० का कोसळतात तेही यातच आहे. तो आकडा आलेखाचा प्रत्येक ठिपका वर उचलतो. उष्णतेमुळे कार्ड कमी व्होल्टेजच्या ठिपक्यांवर घसरतं, आणि तिथेही +१२० लागूच असतात. त्यातला एखादा ठिपका झेपला नाही की गेला ड्रायव्हर.

मेमरीबाबत एक फसवणूक लक्षात ठेवा. जीडीडीआर६ मध्ये चूक पकडून तोच डेटा पुन्हा पाठवण्याची सोय आहे. त्यामुळे मेमरीचा क्लॉक जास्त ओढला तरी कार्ड लगेच कोसळत नाही, मुकाट्याने हळू होतं. दर १०० मेगाहर्ट्झनंतर फ्रेम मोजा, आणि वाढ थांबली की दोन पायऱ्या मागे या. चाचणीला टाइम स्पाय या ग्राफिक्स चाचणीच्या २० फेऱ्या चालवा, फ्रेमची स्थिरता ९७ टक्क्यांच्या वर राहिली तर ठीक. पण त्यात पास झालेलं माझं सेटिंग रे ट्रेसिंगच्या एका खेळात दहा मिनिटांत आडवं झालं होतं, तेव्हा खरी परीक्षा तिथेच. फरमार्क या ताण देणाऱ्या चाचणीवरून काही ठरवू नका.

आणि पंखाच बदलायचा असेल (मला शेवटी बदलावा लागला), तर मूळ आवरण काढून हीटसिंकवर १२० मिमीचा पंखा केबल टायने बांधा. कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बुजवा, नाहीतर अर्धी हवा बाजूने निसटते. पंखा आणि कॅबिनेटच्या जाळीत दोन बोटं तरी जागा हवी, नाहीतर घोंघावतो. तेवढी नसेल तर १५ मिमी जाडीचा घ्या. कार्डावरचा कनेक्टर लहान असतो, त्याला वेगळी जोडवायर लागते. मदरबोर्डला जोडलात तर पंखा प्रोसेसरच्या तापमानावर नाचतो, त्यामुळे फॅनकंट्रोल या सॉफ्टवेअरमध्ये त्याला ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाशी बांधा.

पण ते नंतर. आधी कार्ड उघडा, आणि पुसायच्या आधी चिपचा फोटो काढून दाखवा. नव्या पॅडची जाडी किती, तेही सांगा. तुम्ही सगळे आकडे दिलेत, तो तेवढा राहिलाय.