क्रोशाचा छोटा कुत्रा: डोकं गोल का येत नाही आणि चेहरा अस्वलाचा का होतो?

तुम्ही विचारलंय की तोरणं आणि रुमाल सहज जमतात, पण एक वर्षाच्या भाच्यासाठी कुत्रा विणायला घेतला की डोकं कुठेतरी चपटं येतं, टाक्यांमधून आत भरलेलं फायबर डोकावतं आणि सगळं जोडल्यावर कुत्र्याऐवजी अस्वल तयार होतं. तिन्ही गोष्टी सुधारण्यासारख्या आहेत. हात तुमचा बसलेला आहेच. पहिल्या दोन तक्रारी विणीच्या आहेत. तिसरी मात्र विणीची नाहीच, तुकडे कुठे लावता त्याची आहे, आणि माझ्या मते खरा कुत्रा तिथेच घडतो. म्हणून त्यावर जास्त लिहिते.

मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. इथे डिसेंबर-जानेवारीची थंडी चांगलीच बोचते, त्यामुळे दुपारी गच्चीवर उन्हात बसून विणणं आमच्याकडे अजून टिकून आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी तुमच्यासारख्याच असतात: आजीकडून तोरण शिकलेल्या, आणि आता नातवंडा-भाच्यांसाठी खेळणी करू पाहणाऱ्या.

आधी भोकांचं बघू. तोरणात भोक म्हणजेच नक्षी. खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, उंच आणि मोकळे घालायची आपल्या हाताला सवय झालेली असते. खेळण्याचं कापड याच्या अगदी उलट हवं: इतकं दाट की बोटाने दाबलं तरी आतलं दिसू नये. त्यासाठी दोरा जोरात आवळू नका. मनगट दुखेल आणि टाके लहान-मोठे येतील. हात नेहमीसारखा ठेवा, सुई बारीक घ्या. लोकरीच्या लेबलवर ४ मिलिमीटरची सुई सांगितली असेल तर २.५ ची घ्या. पहिले काही टाके सुई आत शिरायला कुरकुर करते, मग सवय होते.

आणखी एक उपाय आहे, तो फार कमी जणींना माहीत असतो. मुका खांब (वेढा न घेता घातलेला खांब) घालताना टाक्यात सुई घातल्यावर आपण दोरा सुईवरून घेतो आणि ओढतो. त्याऐवजी सुई दोऱ्याच्या वरून नेऊन दोरा थेट आकड्यात पकडून ओढला, तर टाका इंग्रजी व्ही न दिसता फुलीसारखा दिसतो आणि विण बरीच घट्ट बसते. खेळण्यांसाठी मला हीच पद्धत आवडते. फक्त एका कुत्र्यात दोन्ही पद्धती मिसळू नका, टाक्यांचं माप बदलतं.

लोकर साधी ४ प्लायची ॲक्रिलिक चालते, आणि हाताएवढ्या कुत्र्याला तपकिरी लोकर २५ ग्रॅमच्या आत भागते. पांढरी अगदी थोडी आणि नाकाला काळी. आमच्या बाड्याच्या, म्हणजे महाराज बाडा चौकाच्या, आसपासच्या बाजारात थंडीच्या तोंडावर रंगांची निवड भरपूर असते, उन्हाळ्यात तेवढी नसते. पण तुम्ही मे महिन्यात विणणार असाल तर ॲक्रिलिक नको. घामेजल्या बोटांना ती चिकटते आणि सरकत नाही. तेव्हा मिल्क कॉटन हा मऊ, सुती मिश्रणाचा दोरा घ्या. टाके त्यात स्पष्ट दिसतात, त्यामुळे मोजायलाही सोपं. पहिल्या कुत्र्याला काळा किंवा गडद रंग घेऊ नका, आणि केसाळ लोकर तर मुळीच नको. टाका दिसला नाही की मोजणार काय?

संपूर्ण कुत्रा फक्त मुक्या खांबाने होतो. इंटरनेटवर ‘अमिगुरुमी’ असा शोध घेतलात तर हजारो नमुने मिळतील. जपानमध्ये विणलेल्या छोट्या खेळण्यांना तसं म्हणतात. तिथे एक खबरदारी घ्या. अमेरिकी नमुन्यात मुक्या खांबाला ‘एससी’ लिहितात, ब्रिटिश नमुन्यात त्यालाच ‘डीसी’. पण अमेरिकी ‘डीसी’ म्हणजे एक वेढ्याचा खांब. नमुना कुठला आहे हे न बघता विणलं तर कुत्रा दुप्पट उंच आणि जाळीदार होतो. नमुन्यात कुठेही ‘एससी’ दिसलं की तो अमेरिकी समजा.

आता गोलाई. सुरुवात मॅजिक रिंगने करा: बोटाभोवती दोऱ्याचा फास, त्यात ६ मुके खांब, मग सुरुवातीचं सुटं टोक ओढून मधलं भोक बंद. दोन साखळ्या घालून दुसरीत ६ खांब घातले तरी चालतं, पण मध्ये बारीक छिद्र राहतं आणि ते नेमकं डोक्याच्या माथ्यावर येतं. पुढे प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवायचे (एका टाक्यात दोन खांब घातले की एक टाका वाढतो): १२, १८, २४, ३०. सहाच का, ते एकदा समजलं की नमुन्याशिवायही विणता येतं. मुका खांब जवळजवळ चौरस असतो, जेवढा रुंद तेवढाच उंच. एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परीघ त्याच्या सहापटीहून जरासा जास्त, कारण २ गुणिले पाय (गणितातला π) म्हणजे ६.२८. म्हणून सहाने वाढवलं की चकती सपाट राहते. कमी वाढवलं की वाटी होते, जास्त वाढवलं की कडेला झालर येते. डोकं करताना आपण आधी चकती वाढवतो, मग वाढवणं थांबवतो, आणि मग त्याच हिशेबाने सहा-सहा टाके घटवत येतो.

चपटेपणा बहुतेक वेळा इथून येतो: दर फेरीतली वाढ आधीच्या फेरीतल्या वाढीच्या बरोबर डोक्यावर येते. मग सहा कोपरे तयार होतात आणि गोळ्याचा षटकोन होतो. उपाय सोपा आहे. उदाहरणार्थ १८ चे २४ करताना प्रत्येक वेळी ‘दोन साधे, मग एकात दोन’ असं न करता सुरुवात ‘एक साधा, एकात दोन’ अशी करा, मग ‘दोन साधे, एकात दोन’ असं पाच वेळा, आणि शेवटी उरलेला एक साधा. टाके २४ च होतात, पण कोपरे सरकतात. एक फेरी सोडून एक फेरी असं केलं तरी डोकं छान गोल येतं.

फेऱ्या जोडू नका, गोल-गोल चढत जा. म्हणजे शिवण दिसणार नाही. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि फेरी संपली की ती वर न्या. ही पिन नसेल तर पाचव्या फेरीपर्यंत कुठे आहोत ते कुणालाच सांगता येत नाही. विणीची सुलट बाजू बाहेर आहे ना, तेही तिसऱ्या-चौथ्या फेरीला पाहा. टाक्यांच्या नीट रांगा दिसल्या तर सुलट, आडव्या उंचवट्याच्या रेघा दिसल्या तर उलट. वाटी उलटून टाका आणि पुढे चला. टाके घटवताना पुढच्या दोन्ही टाक्यांचे फक्त समोरचे धागे सुईवर घ्या, त्या दोघांतून एकदम दोरा ओढा आणि खांब पूर्ण करा. नेहमीसारखे दोन्ही धागे घेतले की तिथे गाठ आणि शेजारी भोक दिसतं. तुमचं फायबर बहुधा याच जागांमधून डोकावत असणार.

माझ्या कुत्र्याची मापं देते. डोकं: ६, १२, १८, २४, ३०, मग ३० च्याच पाच फेऱ्या, मग २४, १८, इथे भरायचं, १२, ६ आणि बंद. तोंडाचा पुढचा भाग पांढऱ्या लोकरीने: ६, १२, मग दर चौथ्या टाक्यात वाढवून १५, आणि १५ च्या दोन फेऱ्या. धड: ६, १२, १८, २४, मग २४ च्या सहा फेऱ्या, मग १८ च्या दोन (ही मान), आणि वरची कड उघडी ठेवायची. पुढचे पाय ६, ९ आणि ९ च्या सात फेऱ्या. मागचे पाय बसक्या कुत्र्याचे म्हणून आखूड: ६, १२ आणि १२ च्या तीन फेऱ्या. शेपटी ६ टाक्यांची, आठ फेऱ्या, न भरता. २.५ च्या सुईने बसलेला कुत्रा साधारण ८–९ सेंटीमीटर उंच होतो. जोडण्यासाठी प्रत्येक तुकड्याला वीतभर तरी दोरा सोडा. नवा दोरा बांधून शिवलेली जागा पुढे तिथूनच सुटते.

भरायला कापूस घेऊ नका, त्याचे गोळे होतात आणि धुतल्यावर तो लवकर वाळत नाही. उशीचं पॉलिस्टर फायबर घ्या, बोटांनी पिंजून थोडं-थोडं कडेने भरा आणि मध्यभाग शेवटी. मान मात्र कच्चून भरा. डोकं धडापेक्षा मोठं असतं, मान मऊ राहिली की ते कायमचं मागे कलंडतं.

आता चेहरा. हे सगळं अचूक करूनही अस्वल का होतं? गोल डोकं, त्यावर गोल कान, मधोमध नाक. हे तिन्ही मिळून अस्वलच दिसणार! कुत्र्याचं तोंड पुढे आलेलं असतं, आणि ते डोक्याच्या मधोमध नसून खालच्या अर्ध्या भागात असतं. नाक त्या तोंडाच्या मध्यावर नसतं, वरच्या कडेला असतं. डोळे त्या कडेच्या लगेच वर. कान अस्वलाचे वर गोल, कुत्र्याचे टोकदार किंवा लोंबते. एवढ्या चार गोष्टी सांभाळल्या की अनोळखी माणूसही लांबून कुत्रा ओळखतो.

मी शिकवताना नेहमी सांगते की इंटरनेटवरचा परदेशी जातीचा कुत्रा बाजूला ठेवा आणि गल्लीतला पाहा. आपला देशी कुत्रा तपकिरी, छातीला आणि तोंडाला पांढरा, कान उभे पण टोकं जराशी पुढे मुडपलेली, शेपटी पाठीवर वळलेली. लोकरीत तो फार सुरेख उतरतो, आणि मुलाला तो दारात रोज दिसतो. बाळ ‘भू भू’ म्हणून बोट दाखवतं ते त्यालाच. त्याचे कान असे करा: ४ टाक्यांनी सुरू करून दर फेरीला दोन वाढवा, ६, ८, १०, १२. शंकू तयार होतो. न भरता चपटा करा, टोक पुढे दुमडून एक टाका घाला. हे कान माथ्यापासून चौथ्या-पाचव्या फेरीवर लावा. लोंबते कान हवे असतील तर लांब विणा आणि सातव्या-आठव्या फेरीजवळ, बाजूला लावा. शेपटीत शेवटी एक दोरा आतून ओवून हलका ओढा, ती आपोआप वळते.

काहीही शिवण्याआधी सगळे तुकडे टाचण्यांनी लावून पाहा. तोंड एक फेरी वर-खाली केलं की भाव बदलतो. डोळ्यांतलं अंतर सहा टाके ठेवा, मग पाच करून पाहा. डोळे खाली आणि लांब ठेवले की पिल्लू दिसतं, वर आणि जवळ आणले की मोठा, राखणदार कुत्रा. हातभर अंतरावर ठेवून पाहा, मोबाइलवर फोटो काढून पाहा. फोटोत वाकडेपणा लगेच कळतो. या पाहण्याला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. सगळ्या विणकामात मला सर्वांत जास्त आनंद याच अर्ध्या तासात मिळतो, कारण इथे लोकरीच्या गोळ्यांना अचानक स्वभाव येतो. शिवून झाल्यावर टाचण्या मोजून परत डबीत टाका, एकही आत राहता कामा नये.

भाचा एक वर्षाचा आहे, म्हणून डोळे काळ्या लोकरीने भरतकाम करूनच करा. मणी नको, बटण नको, आणि मागून चकती दाबून बसवायचे प्लास्टिकचे डोळेही नकोत. विणलेलं कापड ताणलं जातं, बाळ ते तोंडात धरून ओढतं, आणि सुटलेला डोळा घशात अडकू शकतो. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला सुटा होऊ शकेल असा कोणताही लहान भाग असू नये. घुंगरू आणि गळ्यातली रिबनही टाळा. पट्टा हवाच असेल तर मानेच्या दोन फेऱ्या लाल लोकरीने विणा. रंग बदलताना आधीच्या टाक्याचा शेवटचा धागा नव्या रंगाने ओढा, म्हणजे सीमा स्वच्छ येते.

भरतकामाच्या डोळ्यांना जिवंतपणा आणायचा तर दोरा डोळ्यातून हनुवटीखाली काढा, जरासा ओढा आणि तिथे गाठ घाला. डोळ्याची जागा किंचित आत जाते आणि वर भुवईची सावली पडते. दोन्ही बाजूंना सारखंच ओढा.

डोकं धडावर शिवताना दोन फेरे घ्या, एकावर भागवू नका. पायांनाही तसंच. दोऱ्याची टोकं गाठीजवळ कापू नका. बोथट सुईने धडातून आरपार नेऊन, ताणून कापा, म्हणजे टोक आत जातं. देण्याआधी प्रत्येक कान, पाय आणि शेपटी चिमटीत धरून जोराने ओढून पाहा, आणि एकदा कोमट पाण्यात साबणाने धुऊन, टॉवेलमध्ये दाबून, सावलीत वाळवा. काही सुटणार असेल तर ते बाळाच्या हातात जाण्याआधी तुमच्यासमोर सुटेल.