‘डॉक्टरीणबाई’ला आधी तिच्या नावानं हाक मारा

‘मुलीला दहावीला 94 टक्के होते. नीटचा हा दुसरा प्रयत्न, 388 गुण. मुळात हुशार आहे असं सगळेच म्हणतात, पण ती “मी ढ आहे बाबा, समजून घ्या न” एवढंच धरून बसली आहे. बोटांच्या ठशांवरून मुलांचा कल सांगतात, ती चाचणी करून घ्यावी का? ती खरी कशी आहे ते एकदाचं कळेल. तिसऱ्यांदा बसवायचं की नाही, तेही सांगा.’
– एक वडील, मानेवाडा, नागपूर

नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. 388 या आकड्याची मला फारशी काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती दुसऱ्या पानावरच्या एका वाक्याची. निकालापासून ती नातेवाइकांत येत नाही, मोठ्या आईकडच्या बारशालाही आली नाही, असं तुम्ही लिहिता आणि पुढच्याच ओळीत सांगता की घरात सगळे तिला लाडानं ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात. चौथीत असताना तिनं आजीच्या बोटाला पट्टी बांधली, तेव्हापासूनचं हे नाव. या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध आहे, हे तुमच्या लक्षात आलं नाही का? बारशाला गेली असती तर दारातच कोणीतरी ‘या डॉक्टरीणबाई’ म्हटलं असतं. त्या हाकेला ‘ओ’ कशी द्यायची, हे तिला कळत नाही. म्हणून ती घरी राहिली.

आजपासून हे नाव बंद करा. मामा, काका, मोठी आई, सगळ्यांना सांगा. वाईट वाटेल त्यांना, वाटू द्या.

आता ‘हुशार’ आणि ‘ढ’. तुम्हाला वाटतं तुमचं बरोबर आणि तिचं चुकतं. मला दोन्ही एकाच ठिकाणाहून आलेले दिसतात: गुणपत्रिकेतून. 94 टक्के आले तेव्हा ती हुशार ठरली, 388 आले तेव्हा ढ ठरली. मधल्या तीन वर्षांत मुलगी तीच होती. स्वतःबद्दलचं मत तिनं स्वतः बनवलेलंच नाही, लोक निकालाकडे बघून जे बोलले ते उचललं आहे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये माणसाची ओळख चार तावदानांच्या खिडकीसारखी मांडली. एका तावदानातलं आपल्यालाही दिसतं आणि लोकांनाही, एकातलं फक्त लोकांना, एकातलं फक्त आपल्याला आणि चौथ्यातलं अजून कोणालाच नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीचं हे चौथं तावदान मोठं असणारच. ती अजून घडते आहे.

म्हणूनच त्या ठशांच्या चाचणीवर एक रुपयाही घालवू नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच, साधारण सहाव्या महिन्यापर्यंत, ठरून जातात आणि पुढे बदलत नाहीत. तिनं काय वाचलं, कोणत्या विषयात रमली, कशाला कंटाळली, यातलं काहीही त्या रेषांत उमटत नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं भारतीय मानसोपचार संघटनेनंही म्हटलेलं आहे. प्रश्नावलीची कल चाचणी, जाणकार मानसशास्त्रज्ञानं घेतलेली, उपयोगी पडते. पण तीही आत्ता नको. जी मुलगी आज स्वतःला ढ म्हणते, ती प्रत्येक प्रश्नाला ‘मला हे जमणार नाही’ असंच उत्तर देईल आणि तुम्ही तो अहवाल फ्रेम करून ठेवाल.

खरी कशी आहे, याचं थोडं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तक्रार म्हणून लिहिलेलं. ‘अभ्यास सोडून काटोलला मामाच्या बगिच्यात तीन दिवस घालवले, संत्र्याची झाडं मोजत बसली.’ पुढे तुम्हीच लिहिता की तिनं वहीत प्रत्येक ओळीतली झाडं मांडली, कोणत्या बुंध्यातून डिंक येतो ते लिहिलं आणि मामाला म्हणाली, ज्या झाडांच्या बुंध्याशी पाणी साचतं त्यांनाच जास्त आहे. साहेब, हे कोणी शिकवलं तिला? डिंक्या रोगाची बुरशी साचलेल्या पाण्यातच फोफावते. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून तर दुहेरी आळी, म्हणजे झाडाभोवती एकाबाहेर एक अशी दोन, करायला सांगतात. अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत लोक पगार घेऊन हेच बघतात. जिला तुम्ही आणि ती, दोघं मिळून ‘आत्मविश्वास नसलेली’ म्हणता, ती मामासारख्या जुन्या बागाईतदाराला त्याच्याच बगिच्यात उभी राहून त्याची चूक सांगून आली.

यावरून लगेच ‘आमची शास्त्रज्ञ’ म्हणू नका, हात जोडून सांगतो. एक पाटी काढून दुसरी लावायची नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की कोणी बघत नसताना ती काय करते.

वाटा थोडक्यात: सीईटी तिनं दिली आहे, तेव्हा बीएस्सी कृषीचा अर्ज भरता येईल, नागपूरचं कृषी महाविद्यालय 1906 पासूनचं आहे. पशुवैद्यकीयला नीटचेच गुण चालतात. नीट पुन्हा देण्यावर सध्या संख्येची मर्यादा नाही, पण ‘बसवू का’ हा शब्द मला खटकला. बसायचं तिला आहे.

त्याआधी एक बघा. झोप, जेवण, मैत्रिणींशी बोलणं नीट चालू आहे ना? नसेल तर प्रवेशाचं सगळं बाजूला ठेवा आणि मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात घेऊन जा. 14416 या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येतं, तिला एकटीलाही.

तुमच्या दीड पानांत तिचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे, ‘मी ढ आहे’. पुढचं पत्र तिला लिहू द्या. काटोलची वही सोबत ठेवली तर मला आवडेल. आणि पाकीट तिचं तिलाच चिकटवू द्या, तुम्ही वाचून पाठवू नका.