हिरडी उतरलीय, ग्राफ्ट करून घेऊ का? माझा अनुभव

ताई, तुमच्या खालच्या पुढच्या दोन दातांची हिरडी उतरलीय, डॉक्टर तोंडातल्या टाळूची कातडी काढून तिथं लावू (म्हणजे ग्राफ्ट) म्हणतायत, आणि हे खरंच लागतं का, किती दुखतं, असं तुम्ही विचारलंय. मी हे सोलापुरातच करून घेतलंय, तेही त्याच दातांना.

दुखण्याचं आधी सांगतो. हिरडीचं काही वाटत नाही, त्रास टाळूचाच. माझ्या टाळूवरून नखाएवढा, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा तुकडा काढला होता. ती जागा उघडीच राहते, त्यामुळं कढत चहानं पोळल्यासारखं आठवडाभर हुळहुळतं. डॉक्टरांना टाळूवर बसवायची प्लास्टिकची पट्टी आधीच मागा, जेवताना फार बरं पडतं. दुसऱ्या पद्धतीत वरची कातडी जागेवर ठेवून फक्त आतला थर घेतात, त्यात त्रास कमी. तुमची कुठली करणार ते विचारून घ्या.

आता लागतं का? हिरडी नुसती थोडी उतरलेली असेल आणि वर्षानुवर्षं तिथंच असेल, तर घाई नको. किती मिलिमीटर उतरलीय ते कागदावर लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. पण दाताखाली घट्ट गुलाबी हिरडी उरलीच नसेल, ओठ ओढला की कड हलत असेल, ब्रश लागून दुखत असेल, तर करून घेतलेलं बरं. उतरलेली हिरडी आपोआप वर येत नाही, तेल चोळा नाहीतर काहीही करा. आणि दोन दातांमधलं हाडच झिजलं असेल तर ग्राफ्टनंसुद्धा मूळ पूर्ण झाकत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

मी आधी एका ठिकाणी मुळावर नुसतं सिमेंट भरून घेतलं होतं. दोनदा पडलं. हिरडी का उतरतेय हे तिथं कुणी विचारलंच नाही. मी भांडी घासल्यासारखा आडवा ब्रश मारायचो, तेही कडक! ती सवय तशीच ठेवली असती तर नवी हिरडीही गेली असती.

घरात कुणी मिशरी लावतं का? तुम्ही स्वतः लावत असाल तर आधी बंद करा. लावलेल्या तुकड्याला पहिले दोन-तीन दिवस स्वतःचं रक्त नसतं, खालून झिरपणाऱ्या ओलाव्यावर तो तगतो, मग बारीक शिरा जुळतात. तंबाखूनं शिरा आवळतात आणि तुकडा मरतो. शिरा जुळेपर्यंत तुकडा हलू नये म्हणून ओठ उचलून आरशातही बघायचं नाही. मी दुसऱ्याच दिवशी बघितलं आणि डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या. पांढरट, मेल्यासारखा दिसतो तो, घाबरू नका. पुढं रंग धरतो, तरी आजूबाजूपेक्षा फिकाच राहतो, ठिगळासारखा. खालच्या दातांना कोण बघतंय!

शुगर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. दोन आठवडे तिथं ब्रश नाही, नुसतं औषधी पाणी. त्यानं दात तपकिरी पडतात, पण नंतर साफ करून मिळतात.

आणि तारीख बघून ठरवा. मी भोगीच्या चार दिवस आधी करून बसलो. घरात सगळे तीळ लावलेली कडक भाकरी मोडून शेंगा चटणीत बुडवतायत, आणि माझ्यापुढं गार ताक-भात. टाके निघेस्तोवर आपल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतलंही काही तोंडात घालता आलं नाही.